कमला सोहोनी

कमला सोहोनी (जन्म : इंदूर, १८ जून १९११, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला समजल्या जातात. सामान्य माणसाच्या आहारातील अन्नाचा शरीराला प्रत्यक्ष किती उपयोग होतो, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता.

शिक्षण

त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव हे रसायनशास्त्रज्ञ, तर लेखिका दुर्गा भागवत या थोरल्या भगिनी होत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी उत्तम रीतीने मिळवूनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. संचालक सी.व्ही. रामन यांच्यापुढे त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग स्वीकारला, तेव्हा काही अटींवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे इतर विद्यार्थिनींनाही संस्थेचे दार खुले झाले. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावरील संशोधनासाठी त्यांना पीएच.डी. दिली.

संशोधन

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करू लागल्या. पुढे त्या तेथे संचालक झाल्या.

१९५० च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक द्रव्यांचा अभ्यास केला. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारे विकर प्रथिनांचे विघटन करते. स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करणारे कोलायपेजही त्याच्याच क्रियेने कार्यक्षम होते. त्यामुळे ट्रिप्सिन रोखले गेल्यास खाल्लेले अन्न पुरते अंगी लागत नाही. गरिबांची प्रथिनांची गरज मुख्यतः कडधान्यांवर भागत असल्याने या प्रश्नाला विशेष महत्त्व होते. उष्णतेने ही रोधके बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. रत्नागिरी जिल्ह्यात, लांज्याच्या परिसरातही, कुळीथ भाजून दळतात व त्याची पिठी शिजवून खातात. अशा पारंपरिक पाककृतींचे पचनातील महत्त्व यावरून लक्षात येते.

नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या संशोधनास राष्ट्रपती पुरस्कार लाभला. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांनी मार्गदर्शन केले.

ग्राहक चळवळ

मुंबईतील कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. अन्नातील भेसळ ओळखण्याविषयी त्यांनी जनजागृती केली. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.