बुरशीवर औषध शोधणाऱ्या एलिझाबेथ हेझन

आपल्या मॉरिशसमध्ये मधुमेह नसलेले कुटुंब शोधावेच लागेल. अशा घरांत एलिझाबेथ ली हेझन हे नाव माहीत असावे, असे आम्हांस वाटते.

रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली की रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. एरवी आपल्या अंगावर निमूट राहणारी कँडिडा नावाची बुरशी तेव्हा संधी साधते. जिभेवर पांढरा थर येतो, काखेत व जांघेत कातडी लाल होते. बायकांना नाजूक जागी कंड सुटते. संकोचाने त्या कोणाला सांगत नाहीत, आणि दुखणे वाढते. त्यात पेनिसिलिनसारखी औषधे आली. त्यांनी जिवाणू मारले, पण बुरशीला रान मोकळे झाले.

हेझनबाईंचा जन्म १८८५ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातला. आईवडील लहानपणीच वारले, काकाकाकूंनी वाढविले. पदवीनंतर त्यांनी शाळेत विज्ञान शिकविले (म्हणजे त्या मूळच्या आमच्याच पेशातल्या!). डॉक्टरेट मिळाली तेव्हा वय ४२ होते. १९३१ पासून त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात होत्या.

१९४८ च्या सुमारास त्यांनी ठिकठिकाणच्या मातीतील सूक्ष्मजंतू वाढवून बुरशीवर आजमावण्यास आरंभ केला. गुण दिसला की काचेची बरणी टपालाने ऑल्बनीला जाई. तेथे रसायनशास्त्रज्ञ रेचल ब्राउन त्यातील औषधी अंश वेगळा काढून परत पाठवीत. पुष्कळ अंश बुरशीबरोबर प्रयोगातील प्राण्यांनाही मारीत! अखेर व्हर्जिनियातील एका स्नेह्यांच्या शेतातील माती फळास आली. १९५० साली शोध जाहीर झाला. न्यूयॉर्क राज्यावरून औषधाचे नाव पडले निस्टॅटिन.

हे औषध बुरशीच्या पेशीचे आवरण भेदते. मात्र ते आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरत नाही. तोंड, आतडे, कातडी येथेच त्याचा उपयोग. साखर तशीच ठेवून नुसते मलम लावले तर बुरशी पुन्हा येते. २०२१ साली भारतात कोरोनानंतर कित्येक मधुमेह्यांना ग्रासणारी काळी बुरशी तर निराळीच. तिला शस्त्रक्रिया व अँफोटेरिसिन लागले.

निस्टॅटिनच्या स्वामित्वधनाचे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर झाले. दोघींनी त्यातला पैसा स्वतःसाठी घेतला नाही. सर्व संशोधनाला दिला. हेझनबाई १९७५ साली सिअ‍ॅटल येथे ८९ व्या वर्षी वारल्या.