बाबासाहेब : घर, पाणी आणि कायदा

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र कशाला, असं कुणी विचारू शकेल. स्मरणिकेत साधारणपणे प्लॉट कसे पडले, नळ कधी आले, पहिली कमिटी कुणाची, हे असतं, आणि ते असायलाच हवं. पण घर, पाणी आणि शेजार या तीन गोष्टींसाठीच सोसायटी असते, आणि या तिन्ही गोष्टी ज्याला लहानपणापासून नाकारल्या गेल्या, त्याच माणसाने पुढे त्या कायद्यात लिहून ठेवल्या. त्यांच्याविषयी आपण ऐकतो ते बहुतेक जयंतीच्या भाषणात. इथे जरा निवांत, क्रमाने पाहू.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत झाला. मूळ गाव कोकणातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला आलं. शाळेत भीमरावांना बसायला वेगळं पोतं, तेही घरून आणायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, आणि शिपाई रजेवर असला की पाणी नाही. स्वतः तोटीला हात लावायची परवानगी नव्हती.

१९०१ च्या सुमारास वडील गोरेगावला कॅशियर होते. सुटीत मुलं त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कुणी आलेलं नाही, कारण पत्र वेळेवर पोचलं नव्हतं. अंगावर चांगले कपडे, त्यामुळे स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. जात कळली तसा मागे सरला. गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार. डब्यात जेवण होतं, पण रात्रभर कुणी घोटभर पाणी दिलं नाही. त्या वेळी भीमराव साधारण दहा वर्षांचे होते.

१९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये बी. ए. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून पुढे लंडन. शिष्यवृत्तीच्या करारात बडोदा संस्थानात नोकरी करायची अट होती. म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट ठेवून ते बडोद्याला हजर झाले.

नोकरी मोठी होती, पण राहायला घर मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी जागा मिळवली. अकराव्या दिवशी काही पारशी मंडळी काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याची ताकीद देऊन गेली. ओळखीच्या दोन मित्रांकडे त्यांनी विचारून पाहिलं. दोघांचीही अडचण होती. रात्रीच्या गाडीची वाट पाहत हा अमेरिकेत शिकून आलेला माणूस बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि मुंबईला परतला. शिक्षण झालं की जात आपोआप मागे पडते, असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवून पुन्हा लंडन गाठलं. बॅरिस्टर झाले, डी. एस्सी. झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. पण तळ्याचं पाणी कुणी घेऊ शकत नव्हतं.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याच्या आधी काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला माणसं गावोगावहून पायी येऊन जमलेली, सगळे तळ्यावर जायला तयार. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. तिथे मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्यावर कुणी गेलं नाही. ज्या कायद्याकडून आपण न्याय मागणार, त्याचा हुकूम आपणच मोडायचा नाही, ही त्यांची भूमिका होती. लोकांना ती पटवणं सोपं नव्हतं.

मग सुरू झाली कोर्टकचेरी. खालच्या कोर्टात १९३१ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, ठाण्याचं अपील १९३३ मध्ये फेटाळलं गेलं, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं! आणि हा विजय कसा मिळाला, हेही समजून घेण्यासारखं आहे. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी फार प्राचीन आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले. म्हणजे उद्या दुसऱ्या गावात कुणी तशी रूढी सिद्ध केली असती, तर? माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे, असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता.

बाबासाहेबांच्या पुढच्या आयुष्याचा धागा इथे सापडतो. महारवतनाचं विधेयक (१९२८), कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक (१९३७), १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या कायद्यातली दुरुस्ती. आपल्या कोळशाच्या जिल्ह्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दयेवर चाललेली गोष्ट हक्कात आणायची आणि हक्क मोडला तर दाद कुठे मागायची तेही त्यातच लिहायचं, ही त्यांची पद्धत.

याच काळातली एक घरगुती गोष्ट. १९३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, ते मुख्यतः आपल्या पुस्तकांसाठी. बडोद्यात ज्याला खोली मिळाली नाही, त्याने स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्यातली मोठी जागा ग्रंथांना दिली.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. घटना अनेकांच्या चर्चेतून तयार झाली, पण काही कलमं वाचताना महाड आणि बडोदा डोळ्यांसमोर येतातच. कलम १५ सांगतं की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, तसंच सरकारी पैशाने चालणाऱ्या किंवा लोकांसाठी ठेवलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते यांचा वापर जातीवरून कुणालाही नाकारता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. कलम ३२ ने हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट दिली. हे कलम बाबासाहेबांना साऱ्या घटनेत सर्वात मोलाचं वाटत असे. दाद मागता येत नसेल तर हक्काला अर्थ उरत नाही, हे ते चवदार तळ्यावरच शिकले होते.

कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल आणलं. बायकांना वारसा, घटस्फोट, दत्तक यांत हक्क देणारं ते बिल रखडलं, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. नंतर १९५५-५६ मध्ये त्यातले बरेच हक्क चार वेगळ्या कायद्यांतून आले. आज आपल्या सोसायटीतल्या कितीतरी घरांच्या कागदांवर बायकोचं, मुलीचं नाव असतं. त्यामागे तो राजीनामाही आहे. निवडणुकीत मात्र त्यांना यश आलं नाही. १९५२ मध्ये मुंबईत हरले आणि १९५४ मध्ये आपल्या शेजारच्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले.

ते राज्यसभेत असताना अस्पृश्यता गुन्हे कायद्याचं विधेयक आलं. त्यांनी त्यातल्या उणिवा दाखवल्या. १९५५ मध्ये तो कायदा लागू झाला. आज तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत घर बांधू, घेऊ किंवा राहू न देणं हा गुन्हा आहे. आणि पीडित माणूस अनुसूचित जातीचा असेल, तर हे अस्पृश्यतेमुळेच केलं असं कोर्टाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि लगेच १६ ऑक्टोबरला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, धम्मदीक्षेचा सोहळा झाला. तेव्हा आपला जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. चंद्रपूरच्या सोहळ्यासाठी पुढाकार होता बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा, जे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. मूल, सिंदेवाही, गडचिरोली या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तो दिवस अजून येतो. दरवर्षी ऑक्टोबरात आपल्या स्टँडवरून चंद्रपूरच्या गाड्या भरून जातात, ते याचसाठी. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत बाबासाहेब गेले.

त्यांचं काम तिथे संपलं नाही. १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, असं बाबासाहेबांनी १९४७ मध्येच सुचवलं होतं. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला तो २०१६ मध्ये.

आता सोसायटीपुरतं बोलू. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात कलम २३ आहे : पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील आहे. पण २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा संस्थेचा उपविधी मान्य केला. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहेत, खाजगी संस्थेवर असं बंधन हवं असेल तर विधिमंडळाने कायदा करावा, असा त्याचा आशय. म्हणजे कायद्याची वाट अजून पुरती बांधून झालेली नाही. आणि आज घर नाकारताना जात कुणी उघड बोलत नाही. आडनाव विचारलं जातं, जेवणाची सवय विचारली जाते, मग जागा आधीच दिली असं सांगितलं जातं. अशी गोष्ट कोर्टात सिद्ध करणं कठीण.

जिथे कोर्टाचा हात पोचत नाही, तिथे सोसायटीची सर्वसाधारण सभा पोचू शकते. घर विकताना किंवा भाड्याने देताना जात, धर्म, आडनाव विचारायचं नाही, एवढा साधा ठराव आपण या रौप्यमहोत्सवी वर्षात करू शकतो. त्याला खर्च नाही. तो कागदावरच राहू नये, याची काळजी मात्र घ्यावी लागेल. महाडच्या नगरपालिकेनेही ठराव केला होता.