बाबासाहेबांचे वाचन आणि मुलांचा सुट्टीतला संकल्प

शिक्षक व पालक मित्रांनो, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आपण साजरी करतो आणि पाठोपाठ उन्हाळी सुट्टी लागते. सुट्टीत किती पुस्तकं वाचणार, असं आपण मुलांना विचारतो. त्याआधी बाबासाहेब कसे वाचत, हे मुलांना जरूर सांगा.

भीमरावांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्य म्हणून त्यांना इतर मुलांपासून वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. वडील सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला, घर शांत असताना, अभ्यासाला उठवत. पुस्तकांसाठी ते लग्न झालेल्या मुलींकडून पैसे उसने आणत.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकायचं होतं. जातीमुळे ते नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. पण इच्छा मेली नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत आत्मसात केलं. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडनला. पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. सामान वेगळ्या जहाजाने येत होतं. पहिल्या महायुद्धात ते जहाज बुडालं, त्यासोबत पुस्तकंही गेली.

दुसरा कोणी खचला असता. त्यांनी मात्र चार वर्षांत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि १९२० मध्ये, मुदतीच्या आत, पुन्हा लंडन गाठलं. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दिवसदिवस बसत. १९२३ मध्ये डी.एससी. मिळवली. पुढे दादरला 'राजगृह' बांधलं, ते पुस्तकांना हक्काची जागा मिळावी म्हणून!

आता आपल्या मुलांकडे वळू या. बाबासाहेबांनी ध्येय ठरवलं ते आकड्याचं नव्हतं. काय शिकायचं, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून सुट्टीआधी प्रत्येक मुलाला वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगा : मला काय जाणून घ्यायचं आहे, त्यासाठी कोणतं पुस्तक वाचेन आणि रोज कोणत्या वेळी वाचेन. एखाद्याचं एकच पुस्तक होईल, एखादीची दहा होतील. तुलना करू नका. मध्ये खंड पडला तर रागावू नका, नवी तारीख घालायला सांगा.

आणि पालकांनो, तेवढा वेळ घरातला टीव्ही बंद ठेवा. रामजींनी मुलाला शांत वेळ मिळवून दिला, तो आपणही देऊ शकतो.