लुइजी गॅल्व्हानी

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांस पाकट मासा परिचित आहेच. दिसण्यांत बराचसा तसाच, परंतु स्पर्श करणाऱ्यास विजेचा झटका देणारा एक मासा समुद्रांत असतो. त्या माशाच्या अभ्यासासाठीं इ. स. १७९५ मध्यें इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर गेलेल्या एका अध्यापकाचें हें अल्प चरित्र आहे.

लुइजी गॅल्व्हानी याचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजीं बोलोन्या शहरीं झाला. तरुणपणीं त्याचा ओढा धर्मसेवेकडे होता. परंतु तो वैद्यक शिकला, १७५९ सालीं पदवीधर झाला व पुढें त्याच विद्यापीठांत शारीरशास्त्र शिकवूं लागला. त्याची पत्नी ल्यूसिया ही विदुषी असून प्रयोगांत त्यास साहाय्य करीत असे.

एके दिवशीं विद्युद्यंत्रांतून ठिणगी उडाली. त्याच क्षणीं सहायकाची सुरी मेलेल्या बेडकाच्या मज्जातंतूस लागली होती. बेडकाचा पाय एकदम आखडला. या घटनेचा गॅल्व्हानीनें अनेक वर्षें पाठपुरावा करून १७९१ सालीं प्रबंध प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या शरीरांतच वीज असते, असें त्याचें मत होतें. ती वीज दोन भिन्न धातूंपासून उत्पन्न होते, असें व्होल्टानें प्रतिपादिलें. तेव्हां गॅल्व्हानीनें धातूवांचूनही स्नायु आकुंचन पावतो, हें प्रयोगानें दाखविलें. दोघांच्याही म्हणण्यांत सत्यांश होता. व्होल्टाच्या विचारांतून १८०० सालीं विद्युत्घट जगापुढें आला. गॅल्व्हानीच्या विचारांतून शरीरांतील विजेचें शास्त्र वाढलें. आपल्या मोठ्या आंतड्याच्या अनैच्छिक स्नायूंतही विजेचे मंद तरंग उठतात, त्यांच्या तालावर स्नायु आकुंचन पावतात, आंतील पदार्थ घोळला जातो व त्यांतील पाणी शोषलें जातें. हें सर्व आपल्या इच्छेवांचून चालतें.

१७९८ सालीं नव्या राजवटीनें अध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. ती गॅल्व्हानीच्या धर्मश्रद्धेस पटली नाहीं. पद व वेतन गमवावें लागेल हें जाणूनही त्यानें नकार दिला. पत्नी पूर्वींच निवर्तली होती. त्यानें भावाच्या घरीं आश्रय घेतला. त्याची थोरवी ओळखून सरकारनें त्यास पुन्हां पद देण्याचें ठरविलें; परंतु तत्पूर्वींच ४ डिसेंबर १७९८ रोजीं त्याचा अंत झाला.

बेडकाच्या पायाची क्षुल्लक हालचाल त्यानें दुर्लक्षिली नाहीं, आणि अंतःकरणाची साद तर त्याहूनही नाहीं. मुलांनो, हें दोन्ही आपणांस शिकतां येईल.