वादळातून धम्मग्रंथ वाचवणारे भिक्खू फाहियान

भिक्खू फाहियान यांचे नाव मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात येते ते चिनी प्रवासी म्हणून. पण हा माणूस प्रवासाच्या हौसेने आला नव्हता. चीनमध्ये विनयाचे ग्रंथ अपुरे होते. संघाने कसे वागावे, याचे पुरते नियमच हाती नव्हते. ते आणायला फाहियान इ.स. ३९९ मध्ये, साठीच्या आसपास, चांगआन शहरातून पायी निघाले. वाळवंट तुडवले, बर्फाचे डोंगर ओलांडले. सोबतचे कोणी वारले, कोणी परतले, एक इकडेच राहिला. पाटलीपुत्रात तीन वर्षे राहून ते भाषा शिकले आणि विनय हाताने उतरवून घेतला. पुढे ताम्रलिप्तीत दोन वर्षे, सिंहलद्वीपात दोन वर्षे. वय झाले म्हणून शिकणे थांबवले नाही.

इ.स. ४११ मध्ये ते व्यापाऱ्यांच्या मोठ्या जहाजातून घराकडे निघाले. दोनशेवर माणसे होती. मागे दोराने एक लहान नाव बांधलेली, अडीनडीला असावी म्हणून. सुरुवातीला वारा चांगला मिळाला. दोन-तीन दिवसांत मात्र वादळ उठले, जहाजात पाणी शिरू लागले. व्यापारी लहान नावेकडे धावले. नावेतल्यांना वाटले, एवढी माणसं आली तर आपणही बुडणार. त्यांनी सरळ दोरच कापून टाकला!

मग जो तो आपला माल समुद्रात फेकू लागला. फाहियान यांनीही पाण्याची झारी, भांडे, होते नव्हते ते टाकले. ग्रंथ आणि मूर्ती तेवढ्या धरून ठेवल्या. व्यापारी तेही पाण्यात फेकतील, हीच त्यांना धास्ती. अवलोकितेश्वराचे आणि मायदेशातल्या संघाचे स्मरण करीत ते बसून राहिले. तेरा दिवस-रात्र वादळ चालले. शेवटी एका बेटाला लागून भोक बुजवले, आणि नव्वद दिवसांनी यवद्वीप, म्हणजे जावा, गाठले.

तिथे पाच महिने थांबून दुसरे जहाज धरले. महिनाभराने पुन्हा वादळ. तेव्हा जहाजावरचे ब्राह्मण म्हणाले, या श्रमणामुळेच संकट आले, याला बेटावर उतरवून द्या. त्यावर एक उपासक उभा राहिला. यांना उतरवायचे तर मलाही उतरवा, नाहीतर चीनच्या राजाला सगळे सांगेन, असे त्याने बजावले. सगळे गप्प झाले. एक माणूस उभा राहिला म्हणून भिक्खू वाचले, ग्रंथही वाचले.

इ.स. ४१२ मध्ये ते चीनच्या शानतुंग किनाऱ्याला लागले. पुढे भारतीय भिक्खू बुद्धभद्र यांच्यासोबत विनयाचे भाषांतर केले आणि प्रवासवर्णन लिहिले. चांडाळांना गावाबाहेर राहावे लागे, शहरात शिरताना लाकूड वाजवावे लागे, ही नोंद त्याच वर्णनात आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांच्या मूळ शोधणाऱ्या ग्रंथात ती तपासली. फाहियान बुडाले असते तर हा पुरावाही बुडाला असता.

अजिंठा आपल्याला काही लांब नाही. लेणे क्रमांक २ मध्ये शिडांचे जहाज रंगवलेले आहे. मुलांना ते दाखवा आणि या भिक्खूची गोष्ट सांगा. आम्हाला वाटते, विहार नुसता विटांचा नको. त्यात ग्रंथ हवेत, आणि ते उघडणारे हातही हवेत.

नमो बुद्धाय! जय भीम!