पहिल्या मिनिटाचे मोल

मूल जन्मताच रडले, की घराचा जीव भांड्यात पडतो. ते रडले नाही, तर पूर्वी सुईणी त्याला उलटे धरीत, पाठीवर थापट्या मारीत, गार पाणी शिंपडीत, कानाशी थाळी वाजवीत. या उपायांनी सावरणारी मुले बहुधा आपोआपच सावरली असती. उरलेल्यांची नोंद मृत जन्मलेले अशी होई आणि त्यांचे हृदय अजून मंद गतीने चालू होते का, हे कोणी पाहतही नसे. महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या १० दिवसांत गेले. त्या दुःखातून निघालेली त्यांची वाट १८८६ मध्ये फिलाडेल्फियातील वैद्यकीय पदवीपर्यंत पोहोचली आणि त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही प्रसूतिशास्त्राचा. त्याच अमेरिकेत पुढे ६६ वर्षांनी एका स्त्री डॉक्टरने नवजात बालकाकडे पाहण्याची जगाची रीत बदलली. त्यांचे नाव डॉ. व्हर्जिनिया ॲपगार.

न्यू जर्सीतील वेस्टफील्ड या गावी ७ जून १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचा एक भाऊ क्षयाने बालपणीच दगावला होता. शिष्यवृत्त्या आणि मिळतील ती किरकोळ कामे यांच्या बळावर त्यांनी माउंट होल्योक महाविद्यालयाची पदवी घेतली. १९२९ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि काही आठवड्यांतच न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. महामंदीच्या त्या वर्षांत शिकून १९३३ मध्ये त्या वर्गात चौथ्या आल्या. तथापि डोक्यावर सुमारे ४,००० डॉलरचे कर्ज होते.

त्यांना शल्यचिकित्सक व्हावयाचे होते. विभागप्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेपासून परावृत्त केले. स्त्री शल्यचिकित्सकाकडे रुग्ण येत नाहीत, त्यामुळे पोट भरणे कठीण, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी भूलशास्त्र सुचविले. त्या काळी भूल देणे हे डॉक्टरांचे नव्हे, परिचारिकांचे काम समजले जाई. ॲपगारबाईंनी हे दुय्यम मानलेले क्षेत्र पत्करले आणि १९३८ मध्ये कोलंबियात भूलविभागाची सूत्रे हाती घेतली. अकरा वर्षे राबून त्यांनी तो उभा केला. १९४९ मध्ये स्वतंत्र विभाग झाला तेव्हा प्रमुखपद मात्र एका पुरुष सहकाऱ्याकडे गेले. त्या महाविद्यालयातील पूर्ण प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या खऱ्या, परंतु प्रमुखपद हुकले ते हुकलेच. त्या प्रसूतिगृहाकडे वळल्या, आणि इतिहासाच्या दृष्टीने हेच इष्ट ठरले.

प्रसूतिगृहात त्यांना दिसले ते असे. मूल बाहेर येताच सारे लक्ष मातेकडे वळे. मूल कसे आहे, हे ज्याचे त्याने अंदाजाने ठरवावे, असा प्रकार होता. नवजात बालकाची स्थिती मोजावी कशी, असे एका विद्यार्थ्याने न्याहारीच्या वेळी विचारले आणि त्यांनी हाती आलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहून काढले, अशी हकीकत सांगतात. हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, स्नायूंचा ताठपणा, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. जन्मानंतर एका मिनिटाने तपासणी. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९५८ साली सहकाऱ्यांसह त्यांनी १५,३४८ बालकांचा अभ्यास जाहीर केला. कमी गुणांच्या बालकांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

पाचही मुद्द्यांत ठोक्यांचे महत्त्व सर्वांत मोठे, रंग सर्वांत कमी भरवशाचा, हे त्यांनी आरंभीच ओळखले होते. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. प्रौढ माणसात पुष्कळदा हृदय आधी बंद पडते आणि मग श्वास थांबतो. नवजात बालकात बहुधा याच्या उलट घडते. श्वास सुरू होत नाही, प्राणवायू कमी पडतो आणि म्हणून हृदय मंदावते. निरोगी बालकाचे हृदय मिनिटाला साधारणतः १२० ते १६० वेळा पडते. ते १०० च्या खाली असेल तर ती फुप्फुसांत हवा पोहोचत नसल्याची खूण होय. म्हणून पहिला उपाय औषध नव्हे, तर श्वास. मुलाला कोरडे व उबदार करून, मान नीट ठेवून, दवाखान्यात ज्याला अंबू बॅग म्हणतात त्या पिशवीने आणि मुखवट्याने हवा द्यावयाची. बहुसंख्य मुलांचे ठोके एवढ्यानेच वाढतात. अर्धा मिनिट नीट हवा देऊनही ते ६० च्या खालीच राहिले, तरच तीन दाब व एक श्वास या प्रमाणात छाती दाबणे, आणि त्यानंतर ॲड्रिनॅलिन. हृदयातील विद्युत्संदेशांचा जन्मजात अडथळा हे कारणही क्वचित असते. त्यासाठी तज्ज्ञाकडेच जावे लागते. ठोके मोजण्यास लागतो तो स्टेथोस्कोप आणि घड्याळ. सहा सेकंदांतील ठोके मोजून दहाने गुणले, की झाले.

मोजमापाशी त्या स्वतः किती प्रामाणिक होत्या, याचे एक उदाहरण बोलके आहे. सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू त्यांच्या विशेष आवडीचा होता. तो दिलेल्या मातांची मुले अधिक मलूल जन्मतात, असे त्यांच्याच गटाच्या नोंदींतून दिसताच त्यांनी तो सोडून दिला. पन्नाशीत सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९५९ पासून त्या मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत जन्मजात व्यंगांच्या प्रश्नावर काम करू लागल्या. व्हायोलिन वाजविणे, स्वतः वाद्ये घडविणे, विमान चालविण्यास शिकणे, हे सारे चालूच होते. ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

ॲपगारबाईंच्या गुणांनाही मर्यादा आहेत. उपचार सुरू करण्यासाठी त्यांची वाट पाहावयाची नसते. पहिल्या मिनिटाच्या आतच श्वास द्यावा लागतो. तथापि त्यांनी लावलेली दृष्टी महाराष्ट्राला परकी राहिलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाला श्वास देण्यासह घरोघरी देखभालीचे शिक्षण दिले, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे ठेवले. आज राज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक प्रसूती दवाखान्यांत होतात. म्हणजे प्रश्न आता जागेचा राहिलेला नाही. त्या जागी पहिल्या मिनिटाला कोण उभे आहे, हा आहे. केंद्र सरकारने २००९ पासून यासाठी प्रशिक्षण सुरू केले. परंतु हाताची सवय वर्षभरात मोडते आणि ती पुनःपुन्हा घोटून घ्यावी लागते. मोठ्या यंत्राचे उद्घाटन होते, सरावाचे होत नाही. म्हणून अंदाजपत्रकात पहिल्याला पैसा मिळतो आणि दुसऱ्याला सवड मिळत नाही. वास्तविक मोलाच्या हिशेबाने पाहिले तर इतक्या थोड्या खर्चात इतकी आयुष्ये वाचविणारी गुंतवणूक दुर्मिळच.

प्रसूती करणाऱ्याने स्वतःच गुण देऊ नयेत, कारण त्याचा कल गुण वाढविण्याकडे असतो, असे ॲपगारबाईंचे मत होते. खाडा भरून काढावा तशी मागाहून भरलेली नोंद ही नोंदच नव्हे. बार्शीला हे निराळे सांगावयास नको. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये येथेच सुरू झाली आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून जमवलेले तिचे आकडे जगभरच्या अभ्यासकांनी वापरले. कर्करोगाचा प्रत्येक रुग्ण मोजणाऱ्या या भागाने प्रत्येक नवजात बालकाचे ठोकेही तितक्याच काटेकोरपणे मोजले जावेत, असा आग्रह धरला तर तो मुळीच अवाजवी नाही. रात्रपाळीला प्रशिक्षित हात आहे काय, अंबू बॅग हाताशी आहे काय, नोंद त्याच मिनिटाला होते काय, हे तीन प्रश्न आपापल्या गावच्या आरोग्य केंद्रात कोणीही सुशिक्षित नागरिक विचारू शकतो. ते विचारले जात नाहीत तोवर पहिल्या मिनिटाचे मोल आपल्याला कळले, असे म्हणता यावयाचे नाही.