संतशिरोमणी श्री नामदेव महाराज : कच्चे मडके पक्के झाले

मराठवाड्याच्या पुण्यभूमीने महाराष्ट्रास जी संतरत्ने दिली, त्यांत संतशिरोमणी श्री नामदेव महाराजांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म शके ११९२ (इ.स. १२७०) मध्ये झाला. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. पिता दामाशेटी, माता गोणाई. परंपरागत व्यवसाय शिंप्याचा. बालपणी त्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष श्रीविठ्ठलाने ग्रहण केला, ही कथा सर्वश्रुत आहे. देवाशी अशी जवळीक असल्याने आपणांस आता काही मिळवावयाचे उरले नाही, असे त्यांना वाटू लागले होते.

एकदा संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून तेरचे संत गोरोबाकाका कुंभार थापटणे घेऊन प्रत्येकाच्या मस्तकाची परीक्षा करू लागले. इतर संत शांत राहिले. नामदेव मात्र संतापले. हे मडके अजून कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. परंतु देवानेही त्यांची बाजू न घेता त्यांना गुरूकडे जाण्याची आज्ञा केली. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. ते पाय जिकडे हलवावेत तिकडे पिंडी प्रकटू लागली आणि देव सर्वत्र आहे, हे नामदेवांना उमगले.

देव सदैव सन्निध असूनही जे कळले नव्हते, ते संतांच्या परखड बोलाने आणि गुरूंच्या कृपेने कळले. श्रीज्ञानेश्वरांसमवेत त्यांनी तीर्थयात्रा केली. इ.स. १२९६ मध्ये आळंदीस माउलींनी समाधी घेतली, तो वियोग त्यांनी अभंगांतून वर्णिला. त्यांच्या घरी वाढलेल्या जनाबाई थोर संत कवयित्री झाल्या. मंगळवेढ्यास कोट कोसळून संत चोखोबांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली. जो स्नेह आपणांस लाभला, तो त्यांनी असा इतरांना दिला. पुढे पंजाबातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. शीख बांधवांच्या श्री गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत.

शके १२७२ (इ.स. १३५०) मध्ये ते पंढरपूर येथे समाधिस्थ झाले. संतांची चरणधूळ मस्तकी पडावी, या इच्छेने त्यांनी महाद्वाराची पायरी निवडली. तीच नामदेव पायरी होय.

सिल्लोड नगरीत दर्शनास येणाऱ्या भाविकांनी हे चरित्र मनी धरावे. एकट्याने केलेली भक्ती देवापर्यंत पोहोचते. तथापि मनाचे मडके माणसांच्या सहवासातच भाजून पक्के होते. म्हणून घरी, गावी वा वारीत कोणी हिताचे चार कठोर शब्द बोलल्यास राग न मानता ते आदराने ऐकावेत.